पुलावरच्या दृश्यातली चूक

मित्रांनो, मी एक जुना राखाडी कोट आहे. माझ्या नावावर एक चूक आहे. ती पाहून लोक वर्षानुवर्षे हसत आले. आज ती चूक मीच तुम्हाला सांगणार आहे, कारण ती ज्यांनी केली त्या आता फार बोलत नाहीत.

पोलंडमधल्या वूच शहरातल्या एका स्टुडिओच्या शिवणघरात लष्करी घोंगडीच्या जाड कापडातून मला शिवले. ज्या नगरात माणसांना नावे नाहीत, फक्त आकडे आहेत, त्या नगराचा सिनेमा काढायचा होता. तिथे पाखरे संपलेली आणि पावाचा तुकडाही हुकमाने मिळणारा. सगळ्यांचे कोट एकसारखे. मी नायकाचा कोट होतो.

नायकाचे काम झेनॉन यांना मिळाले. रंगभूमीवर त्यांचे नाव होते, पण कॅमेऱ्यापुढे ते पहिल्यांदाच उभे राहत होते. ताडमाड उंच, डावखुरे, आणि चालताना त्यांचा डावा खांदा किंचित खाली झुकायचा. त्यांच्या अंगावर मी गुडघ्यांच्या खालपर्यंत यायचो.

माझी काळजी बोगुमिलाबाई घेत. सिनेमातले एक दृश्य तुकड्यातुकड्यांनी टिपतात. आजचा तुकडा आणि पंधरवड्यानंतरचा तुकडा पडद्यावर एकामागोमाग येतात. मग आज लावलेले बटण तेव्हाही लावलेलेच हवे, पेल्यातले पाणी तेवढेच हवे. हे सगळे पाहणे बाईंचे काम. त्यांची नजर घारीची होती.

"झेनॉन, वरचं बटण!" त्या लांबूनच ओरडायच्या.

"अहो बाई, माझी बायकोसुद्धा माझ्याकडे एवढं बघत नाही!"

"तिला तुम्ही एकदाच आवडलात. मला तुम्ही दर वेळी तसेच्या तसे लागता!"

तरी चुका व्हायच्याच. बंद पडलेल्या सूतगिरणीत चित्रण चालले होते. एकदा छताच्या भोकातून चिमणी आत आली आणि बिनपाखरांच्या त्या नगरावरून भुर्रकन उडून गेली. जेवणाच्या दृश्यात झेनॉन राय धान्याचा काळा पाव खरोखरच खाऊन टाकत, कारण त्या दिवसांत दुकानांपुढे रांगा होत्या आणि भूक खरी होती. मग नवा पाव यायचा. पडद्यावर त्यांच्या हातातला पाव खाता खाता मोठा होतो, तो असा. बाई कपाळावर हात मारून घेत आणि झेनॉन तोंडातला घास लपवत हसत.

डिसेंबरात पुलावरचे दृश्य झाले. गुडघाभर बर्फातून शेकडो राखाडी माणसे पूल ओलांडतात, आणि त्यांतला एकच चालता चालता थांबून मान वर करतो, असे ते दृश्य होते. झेनॉन थांबले, डाव्या हाताने त्यांनी माझी कॉलर उभी केली आणि आभाळाकडे पाहिले. पाठमोरेच होते ते. गालाची नुसती कड दिसली. दिग्दर्शक ओल्गेर्द बराच वेळ "थांबा" म्हणायलाच विसरले.

त्यानंतरच्याच रविवारी सकाळी लष्करी राजवट जाहीर झाली, रस्त्यावर रणगाडे उभे होते. झेनॉन यांनी नाटकाच्या शेवटी रंगमंचावरून सरकारविरुद्धचे निवेदन वाचून दाखवले होते. त्यांना घरातून उचलून तुरुंगात नेले. त्यांची मुलगी इगा तेव्हा पाळण्यात होती.

महिने गेले. मग वरून निरोप आला. सिनेमा पुरा करा, पण त्या माणसाचे नखही दिसता कामा नये. येरेमी नावाचा नवा नट आणला. तो भला माणूस होता, पण ठेंगणा. मला खालून दुमडून आखूड केले. झेनॉन यांचे एकेक दृश्य येरेमीला घेऊन पुन्हा टिपले, आणि जुनी फीत जाळून टाकली. पुलावरचा पाठमोरा तुकडा तेवढा ओल्गेर्द यांनी गुपचूप ठेवला.

मे महिन्यात तयार सिनेमा परवानगी देणाऱ्या सरकारी साहेबांना दाखवला. सिनेमातले सामान तपासायचे म्हणून मलाही तिथे खुर्चीवर टाकले होते. पुलाचे दृश्य आले आणि साहेब पुढे वाकले.

"हा कोण? याचा कोट एवढा लांब कसा?"

ओल्गेर्द यांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात बोगुमिलाबाई उठल्या.

"चूक माझी आहे, साहेब. येरेमींना दुसराच कोट घातला गेला. माझं लक्ष नव्हतं."

"मग पुन्हा टिपा."

"टिपते की! तेवढा बर्फ मागवून द्या."

खिडकीबाहेर चेस्टनटची झाडे फुलली होती. साहेबांना हसू आले. "बाई, तुमच्या डोळ्यांचं केवढं कौतुक ऐकलं होतं! ओल्गेर्द, असली माणसं कशाला ठेवता हो कामावर?"

बाईंनी मान खाली घातली. जिना उतरताना मी त्यांच्या हातावर होतो. ओल्गेर्द मागून धावत आले.

"बोगुमिला, अगं काय केलंस हे? तुला कळतंय का?"

"गप्प बस. चूक म्हणून राहील तो. चुकीला कोणी तुरुंगात टाकत नाही."

त्यानंतर बाईंना चित्रणाचे काम कुणीच दिले नाही. त्या कपड्यांच्या कोठारात आल्या, टोप्या आणि बूट द्यायला. उन्हाळ्यात झेनॉन सुटले, पण छातीत खोकला घेऊन. पुढच्या थंडीत ते गेले. त्यांची सगळी कामे नाटकातली. पडदा पडला की नाटक संपते. त्यांचे फोटो उरले होते, पण चालताना-वळताना त्यांना कोणी कुठे टिपलेले नव्हते. होते ते एवढेच, पुलावरचे.

काळ पालटला, रणगाडे गेले, आणि आमचा सिनेमा थोर ठरला. लोक तो पुनःपुन्हा पाहू लागले आणि चुका वेचू लागले. पाव वाढतो, चिमणी उडते. सगळ्यांत मोठा हशा कोटाला. "पुलावर कोट वीतभर वाढतो!" ज्या बाईने आयुष्यभर नजर चुकू दिली नाही, तिच्या नावापुढे ही चूक लिहिली गेली. ओल्गेर्द वारले, तरी बाई बोलल्या नाहीत. मला ब्रश मारताना एकदा पुटपुटल्या, "आपणहून सांगितलं तर ते मिरवणं होतं."

मग सिनेमा नव्याने स्वच्छ करायचे ठरले. आगाता नावाची एक हुशार मुलगी कोठारात माझी मापे घ्यायला आली.

"आजी, आता संगणकावर सगळं दुरुस्त होतं. चिमणी काढली, पाव सारखा केला. आता पुलावरचा कोट तेवढा आखूड करते, आणि माणूस येरेमींएवढा करते. तुमच्यावरचा डाग जाईल बघा!"

बाईंच्या हातातला ब्रश खाली पडला.

"नको गं. तो झेनॉन आहे."

आगाता टेकून बसली. बाईंनी तिला सगळे सांगितले. आगाताने पुलाला हात लावला नाही. चिमणी मात्र गेली ती गेलीच. तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते.

आगातानेच इगाला शोधून काढले. नव्या प्रतीच्या पहिल्या खेळाला मला पडद्याशेजारी उभे केले होते. पहिल्या रांगेत बाई, आणि त्यांच्याजवळ इगा, केसांत रुपेरी बटा आलेली. पूल आला. एक माणूस थांबला, त्याने डाव्या हाताने कॉलर उभी केली.

"असेच चालायचे ते?" इगाने विचारले.

"अस्सेच. खांदा बघ."

तेवढ्यात मागून कोणीतरी सवयीने हसले. "बघ बघ, कोट वाढला!"

इगा उभी राहिली. अंधारात मागे वळून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "ते माझे बाबा आहेत."

बोगुमिलाबाईंनी तिचा हात धरून तिला हळूच खाली बसवले.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, ऊन दाखवा, एवढे तर प्रत्येक जुना कोट मागतो. माझे मागणे थोडे वेगळे आहे. कुठे काही चुकलेले दिसले, तर पोटभर हसा. पण ते पुसण्याआधी एकदा विचारा, हे इथे कोणी ठेवले, आणि कोणासाठी?