आधी बसायचं, मग उचलायचं

सुतारांच्या धाकटीला घरात सगळे ‘खिळा’ म्हणत. नाव बापानेच ठेवलेलं. एकदा रुतली की उपटून निघायची नाही, म्हणून. वय वर्षं दहा.

त्या रविवारी मात्र खिळ्याचा चेहरा पार उतरला होता. चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणआजींना चर्चला न्यायचं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आजींचे गुडघे संपले होते आणि इमारतीची लिफ्ट आठ महिने बंद होती. दारावरचा ‘लवकरच सुरू होईल’ हा कागदसुद्धा पिवळा पडला होता. चर्चचे पाळक दर महिन्याला वर येऊन त्यांना प्रभुभोजनाची भाकर देत. शेजारीपाजारी डबा देत, औषधं आणून देत. आजी सगळ्यांचे आभार मानत आणि एकदाच काय ते म्हणाल्या होत्या, “सगळं वर येतं गं. मीच तेवढी खाली जात नाही.”

ते वाक्य खिळ्याने घरी आणलं. बाबांनी एका भक्कम खुर्चीला दोन लांब दांडे ठोकले. पुढे बाबा, मागे आई आणि दादा, अशी वरात निघाली. तिसऱ्या मजल्याखालच्या वळणावर खुर्ची कलली. आजींनी किंकाळी फोडून जिन्याचा कठडा असा धरला, की बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यांना परत वर नेलं. दार लावताना त्या म्हणाल्या, “तुमचं भलं होवो, पण पुन्हा येऊ नका.”

“आता जबरदस्ती करायची नाही,” संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर आई म्हणाली. “भीती वाटते त्यांना. वयच तसं आहे.”

“पट्टा लावतो खुर्चीला,” बाबा म्हणाले.

“बांधून नेणार का?” दादा म्हणाला. “मग काय, हू की चू नाही करणार!”

रात्रीच्या प्रार्थनेत खिळा रोज पाच जणांची नावं घेई. त्या रात्री एकच घेतलं, आजींचं. सकाळी उठून ती दारात ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसली. “मला न्या.”

“शाळेत? पालखीतून?” दादाने विचारलं.

“पहिल्या मजल्यावरून तळापर्यंत. आजींना नेलं तसंच.”

त्यांनी उचललं. पहिल्या तीन पायऱ्या मजेच्या गेल्या. मग खिळ्याला आपल्या पायांखाली अख्खा जिना दिसला, तोंड वासून बसलेला. हात धरायला जागा नव्हती. डोक्यावरून आवाज येत होते, “सांभाळ, सांभाळ!” “तिकडून नको!” आणि तिला कुणी काहीच विचारत नव्हतं. ती ओठ चावून खाली पोचली. मग म्हणाली, “आता दादा.”

दादा हसत बसला आणि मुकाट्याने उतरला. आई बसली, ती सबंध वेळ पदराचं टोक मुठीत धरून होती. बाबांचं वजन मात्र पेलेना, म्हणून तळमजल्यावरच्या बेकरीवाल्याला हाक मारली. पिठाची पोती उचलून त्याचे दंड ओंडक्यासारखे झालेले. चर्चची पायरी तो जन्मात चढला नव्हता, पण अडल्यानडल्याला कधी नाही म्हणत नसे.

“सुतारदादा, काय हो, पाय मोडला की काय?”

“पोरीचं मन मोडेल, नाही बसलो तर.”

वळणावर बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतः ठोकलेल्या खुर्चीत बसून ते ओरडले, “अरे, हात कुठे ठेवू?” खाली उतरल्यावर त्यांनी कुणाकडे न बघता पटाशी काढली आणि दुपारपर्यंत खुर्चीच्या दोन्ही बाजूंना धरायला घट्ट लाकडी मुठी बसवल्या.

बुधवारी खिळा चौथ्या मजल्यावर गेली.

“ते खुर्चीचं काढणार असशील तर आल्या पावली परत जा,” आजी आतूनच म्हणाल्या.

“आजी, आम्ही सगळे बसलो खुर्चीत. मी घाबरले. बाबा तर डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते.”

दार उघडलं. “सुतार घाबरला?”

“बेकरीवाल्या काकांना विचारा.”

आजी तोंडाला हात लावून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला वाटलं, मीच भित्री. तुमची सेवा वाया घालवली.”

“तुमचं काही चुकलं नाही. आमचं चुकलं. आम्ही एकदाही न बसता उचलायला आलो.”

आजींनी दार सताड उघडलं. “मी थांबा म्हटलं तर?”

“थांबायचं. हुकूम तुम्हीच द्यायचा. बाकी कुणी बोलायचं नाही.”

“आणि परत वर म्हटलं तर?”

खिळा एकदा जिन्याकडे बघून म्हणाली, “तर वर.”

रविवारी पुढे बाबा आणि बेकरीवाला, मागे आई आणि दादा. खिळ्याच्या हाताला वजन पेलणारं नव्हतं, पण तिने आपलं काम शोधलं होतं. पुढच्या दोघांच्या मधून आजींना खालचा जिना दिसू नये म्हणून ती कठडा धरून खुर्चीच्या तीन पायऱ्या पुढे चालणार होती.

“पडलो तर पहिली तूच चपटी होशील हो,” बेकरीवाला म्हणाला.

“मग पडू नका.”

“चला,” आजी म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मुठी घट्ट धरलेल्या होत्या.

चौथा मजला उतरला. तिसरा आला. मग ते वळण.

“थांबा!”

सगळे जागच्या जागी थांबले. दादाचे दंड थरथरू लागले. खाली रस्त्यापलीकडे चर्चची घंटा वाजायला लागली. खिळ्याला मागे वळून बघायचं होतं, पण तिने बघितलं नाही. शब्द दिला होता. वर म्हणाल्या तर वर. तिने कठडा तेवढा आवळला.

“या पोरीच्या फ्रॉकची कॉलर कुणी शिवली?” आजींनी विचारलं.

“मी,” आई मागून धापा टाकत म्हणाली.

“डावीकडे पाव बोट वर गेलीये. गेला अर्धा जिना तेच बघतेय मी, डोळ्यांना टोचतेय. खाली गेल्यावर उसवून देते.” मग आजींनी खोल श्वास घेतला. “चला.”

अडुसष्टावी पायरी संपली तेव्हा घंटा थांबून गाणं सुरू झालं होतं. आजींनी रस्त्यावरचं ऊन आधी डोळे मिटून अंगावर घेतलं, मग उघडून.

“उतरलो खरे,” बेकरीवाला घाम पुसत म्हणाला. “आता परत...”

“चढायचंय,” दादा म्हणाला.

“ते आधी नाही का सांगायचं!”

“ओरडू नकोस,” आजी म्हणाल्या. “चढताना दम कुठे घ्यायचा ते मी सांगेन. आणि पुढच्या रविवारी तू डावी बाजू धर. उजवीकडे कलतोस. आता उचला, तिसऱ्या बाकावर माझी जागा आहे.”

खिळा पुढे झाली आणि चर्चच्या दाराकडे चालू लागली, वाकडी कॉलर आजींना नीट दिसेल अशी.