अंगठ्याखालची जागा

वित्स्केने कन्सोलचं मागचं झाकण काढलं तेव्हा तिचे हात थरथरत होते. हात थरथरत असताना त्या झाकणाखाली जायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण रविवारपासून ते थांबलेच नव्हते, मग वाट तरी किती बघायची?

बुधवार होता, शाळा दुपारीच सुटली होती. तिची सासू बाउक्ये, म्हणजे घरातली बेप्पे, निंकेची आजी, नेहमीसारखी साखरपाव घेऊन आली होती. पावाला लोणी लावलेलं तसंच पडून होतं. सहा वर्षांची निंके टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

निंके बोलत नसे. दवाखान्यातून दिलेला बोलका टॅब्लेट तिने तीनदा जमिनीवर ढकलला, आणि बापाचा जुना गेमचा कन्सोल मात्र छातीशी धरून झोपली. त्याची बटणं तिच्या बोटांना आवडत. वित्स्के बंदरावरच्या कारखान्यात मासेमारी बोटींचे रेडिओ दुरुस्त करायची, सोल्डरिंग हातात मुरलेलं. तिने त्या कन्सोलमध्ये मॉडचिप बसवली. कंपनी आपल्या यंत्रात दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम चालू देत नाही, ही नखाएवढी चिप तो चालवून घेते. प्रोग्राम साधाच होता. चित्र निवडलं की आवाज येई, आणि तो आवाज नणंदेच्या मुलीचा, माइकेचा होता. मग अख्खा उन्हाळा मायलेकी फोटो काढत हिंडल्या. लापशीचा वाडगा. चिखलाचे बूट. शेजारचा कुत्रा. सगळ्यात आधी निंकेने निवडलं होतं ते लाल फुलीचं चित्र: ‘नको’.

ते सगळं यंत्राच्या आतल्या मेमरीत होतं आणि यंत्र रविवारपासून काळंठिक्कर पडलं होतं. चालू केलं की चिपचा दिवा निळा लुकलुके, लुकलुके, आणि निळा विझून पडदा उजळायच्या ऐवजी लाल होऊन बसे. निंकेने सगळी बटणं दाबून पाहिली, यंत्र कानाला लावलं. शेवटी ते आईच्या मांडीवर ठेवून ती टेबलाखाली गेली, ती गेलीच.

वित्स्केची खरी भीती वेगळी होती. चिप लागली की आधी आतल्या मेमरीची पूर्ण प्रत काढायची, मगच यंत्राला हात लावायचा, हा या कामातला पहिला नियम. वसंतात चिप लागली तेव्हा निंके दोन्ही हात पसरून किंचाळत उभी होती. रात्री काढू प्रत, म्हणून वित्स्केने यंत्र तिच्या हातात दिलं. ती रात्र काही उगवली नाही.

काल तिने अशी कामं करणाऱ्यांच्या फोरमवर फोटो टाकून विचारलं होतं. एकाने लिहिलं, ‘सांधे सुरेख. प्रत आहे ना?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘नसेल तर शुभेच्छा, ताई. लागतील.’

“अगं, दुकानात दे ना,” बेप्पे म्हणाली.

“दुकानवाले अशाला हात लावत नाहीत. चिप दिसली की झाकण लावून परत देतात.”

“म्हणजे चोरीमारीचं काम आहे हे?”

“आमचंच यंत्र आहे, बेप्पे.”

“मग वर त्या कंपनीचं नाव कशाला? माझ्या कढईवर मी कुणाचं नाव ठेवत नाही.” एवढं बोलून तिने टेबलाखाली वाकून पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “निंके, सोन्या, पाव खातेस?”

उत्तर द्यायचं साधनच टेबलावर उघडं पडलं होतं.

आतल्या चिपांवरचा पत्र्याचा पातळ पडदा वित्स्केने उचलून बाजूला ठेवला. भिंगाचा दिवा ओढला. मल्टिमीटरची एक सुई अर्थिंगच्या टोकाला टेकवली, दुसरी एकेका सांध्यावर. पहिला सांधा, आकडा बरोबर. दुसरा बरोबर. मेमरीकडून येणारी तार केसाहून बारीक, तिच्या सांध्यावर सुई नेताना तिने श्वास धरला. तोही बरोबर.

सगळंच बरोबर निघालं तशी तिने सुई खाली ठेवली. दिसणारा बिघाड पकडता येतो. लपणाऱ्याचं काय करायचं?

शेवटी तिने ठरवलं, मेमरीच्या तारेचा सांधा पुन्हा करायचा. मेमरी तिथून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. टोक घसरलं तर वाडगा, बूट, कुत्रा, सगळे शब्द एका क्षणात जातील. तिने तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं, खाली नेलं, आणि टोकाच्या चकचकीत धातूवर तिला एक लाल ठिपका दिसला.

चिपचा दिवा. मघाच्या फसलेल्या प्रयत्नानंतर लाल होऊन बसलेला, अजून तसाच.

दिवा म्हणजे वीज. बॅटरीची पिन तिने काढलीच नव्हती. टोक टेकवलं असतं तर मेमरीच जळाली असती.

तिने आयर्न स्टँडवर ठेवलं, पिन उपटली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. कारखान्यात नव्या पोराने असं केलं असतं तर तिने त्याला घरी पाठवलं असतं.

“काय झालं गं? पांढरी पडलीस,” बेप्पे म्हणाली.

“काही नाही. होता होता राहिलं.”

ती खुर्चीवरून सरळ खाली घसरली, टेबलाखाली, लेकीशेजारी. निंकेने तिच्याकडे पाहिलं नाही. पण मग ती आईच्या मागे सरकली आणि तिच्या पाठीत, उजवीकडे खाली, अंगठा रुतवला. जोरात. दाबून धरला.

“आई गं! निंके, दुखतंय.”

“माझ्याही पाठीत तस्संच करते,” वरून बेप्पे म्हणाली. “रविवारपासून. तिथेच, उजवीकडे. मला वाटलं, म्हातारीचे मणके तपासतेय.”

वित्स्के हललीच नाही. उजवीकडे खाली. कित्येक आठवडे निंके कन्सोल चालू करण्याआधी त्याच्या पाठीवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबून धरायची. तो तिचा एक छंद आहे, दाराच्या कडीला हात लावल्यासारखा, असं वित्स्केने धरलं होतं. ती तर दुरुस्त करत होती. रोज, आपल्या परीने. रविवारी मात्र अंगठ्यानेही भागलं नसावं. आणि आता यंत्राची पाठ हाताशी नव्हती, म्हणून मिळेल ती पाठ धरून सांगत होती.

वित्स्के उठली. पत्र्याचा पडदा जागेवर नुसता ठेवला, वरून बोटाने हलकेच दाबला आणि मेमरीच्या तारेवर कडेने सुई टेकवली. आकडा शून्य. तिने उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबला, पत्र्याची पलीकडची कड किंचित उचलली गेली, आणि आकडा परत आला.

पत्रा काढून मोजलं म्हणून सगळं बरोबर निघालं होतं. तिने तो उलटा केला. आतल्या बाजूला सांध्याने घासून टिकलीएवढा चकचकीत ओरखडा पडला होता. तिथे वीज अडवणारी पिवळी चिकटपट्टी लावायची राहिली होती. वसंतातल्या त्याच घाईत, त्याच पसरलेल्या हातांसाठी. आणि निंके खूश झाली की यंत्राला छातीशी घट्ट आवळायची. आवळून आवळून पत्रा तारेवर बसला होता.

तिने चिकटपट्टीचा तुकडा कापला, लावला, नखाने दाबला. पिन जोडली. झाकण लावलं. बटण दाबलं.

निळा. निळा. निळा. मग विझला. पडदा काळाच. बेप्पेने तोंडावर हात ठेवला. मेमरीला आधीच धक्का बसला असेल तर?

पडद्यावर वाडगा उमटला. बूट. कुत्रा.

निंके टेबलाखालून बाहेर आली आणि दोन्ही हात पसरून किंचाळली, थेट वसंतातल्यासारखी.

वित्स्केने यंत्र छातीशी धरलं, केबल जोडली आणि संगणकावर प्रत सुरू केली. निंकेने तिच्या दंडाचा चावा घेतला.

“अगं दे की तिला! दगड आहेस का तू?” बेप्पे ओरडली.

“प्रत होऊ दे.”

“चार दिवस मुकी बसलीय ती!”

“पुन्हा बसू नये म्हणूनच ना. धरा तिला, बेप्पे. मला धरवणार नाही.”

संगणकावर प्रतीची रेघ पुढे सरकत होती. मध्येच थांबे. तिने पडद्यावरची नजर काढली नाही. मागे लेक हंबरत होती. मग हंबरणं हुंदक्यांवर आलं, आणि पाठीत, उजवीकडे खाली, तो अंगठा पुन्हा रुतला. वित्स्केने पाठ हलवली नाही.

प्रत पूर्ण झाली. तिने ती उघडून पाहिली, माइकेचा आवाज एकदा वाजवून पाहिला, मगच केबल काढली आणि यंत्र निंकेच्या हातात दिलं.

निंकेने सवयीने कोपऱ्यात अंगठा दाबला. मग लाल फुलीवर गेली.

“नको,” माइकेचा आवाज म्हणाला. निंके आईकडे बघत होती. “नको. नको. नको.”

“बरोबर बोलली,” बेप्पे म्हणाली, आणि डोळे पुसत पाव कापायला वळली.

वित्स्के दंडावरचा चावा चोळत ते ऐकत बसली.