हिरेवाडगीची वाकळ

आप्पांचा निरोप आला की चांगुणा हातातलं काम तसंच टाकून निघायची. तिचा बाप मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा पोरीची शाळा सुटणार हे घरात सगळे धरूनच चालले होते. मग एक दिवस शाहीर आप्पा कुंभारी गावात चांगुणाच्या घरी आले आणि ओसरीवर बसून आईला म्हणाले, "हिच्या हातात चित्र हाय. हिला सुताच्या धुळीत घालू नका." ड्रॉइंगच्या परीक्षा असोत की नगरपालिकेच्या शाळेतली नोकरी, आप्पांचा शब्द तिच्या पाठीशी उभा राहिला.

त्यामुळं मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात आप्पांनी तिला आपल्या जनकला मंडळाच्या खोलीवर बोलावलं, तेव्हा ती शाळेतून परस्पर तिकडंच गेली.

"सोलापुरात महोत्सव भरवायचा," आप्पा म्हणाले. "सीमा आणि एकोपा, हा विषय. हिकडच्या-तिकडच्या कलावंतांनी काय करणार ते आधी सांगायचं, त्यातलं चांगलं ते आपण घ्यायचं. आवतण द्यायचं काम तुझं."

चांगुणाला आभाळ ठेंगणं झालं. तिनं स्वतः मजकूर लिहून पेपरात दिला. पण आलं ते नेहमीचंच. कुणी पोवाडा म्हणतो म्हणाला, कुणाला एकपात्री करायचं होतं. सगळे शहरातले. सीमेवर राहतात ती माणसं पेपर कुठून वाचणार, असं म्हणून तिनं रजा टाकली आणि अक्कलकोटची एसटी धरली. तिथून पुढं जीप मिळाली, जीपनं सोडल्यावर पायवाट होती. वाटेत एक ओढा लागला. तो ओलांडला की कर्नाटक, हे तिला गुराख्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

हिरेवाडगी हे ओढ्याच्या पलीकडचं पहिलं गाव. तिथं चंद्रव्वा नावाची बाई घरापुढच्या कट्ट्यावर जुन्या कपड्यांची वाकळ शिवत बसली होती. चांगुणानं आपलं काम सांगितलं. चंद्रव्वाला मराठी बोलता यायचं, वाचता मात्र कुठलीच भाषा यायची नाही.

"काय करून दावायचं म्हनता?"

"तुम्हाला वाटेल ते. सीमेवर राहता, त्याचं तुम्हाला काय वाटतं ते."

चंद्रव्वा हसली. "सीमा कुटं हाय बाई? आमची म्हस रोज तिकडं चरून येती. तिला इचारा की."

पण चहा झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली. दुष्काळात ओढ्याअलीकडं, महाराष्ट्रात, खडीचं काम निघालं, तेव्हा हिरेवाडगीच्या बायका तिथं गेल्या. मुकादम दुसऱ्या राज्यातल्या म्हणून परत धाडत होता. तिथल्या मराठी बायकांनी हातोड्या खाली ठेवल्या. ह्यांना घेतलं तरच आम्ही बसतो, म्हणाल्या. त्यात केसरबाई म्हणून एक पुढं होती. मग सगळ्या एकाच ढिगाशी बसून खडी फोडत राहिल्या, पाऊस येईपर्यंत.

"तवाची लुगडी फाटली, पर टाकली न्हाईत," चंद्रव्वा म्हणाली. "त्यांची आणि आमची मिळून एक कौदी शिवू. तुमी वाकळ म्हनता ती. मोठी. मांडवात लावा."

चांगुणानं तिथंच हो म्हटलं. चंद्रव्वाचा दीर शरणप्पा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, ह्यात राजकारण न्हाय न्हवं? बायकांना माघारी हितंच नांदायचं असतंय."

"नाही. माझा शब्द आहे," चांगुणा म्हणाली.

सोलापुरात येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आप्पांनी मांडीवर थाप मारली. "हेच पायजे होतं!"

पुढचे सगळे रविवार चांगुणाचे ओढ्याकाठीच गेले. बाभळीच्या सावलीत दोन्हीकडच्या बायका वाकळेभोवती बसायच्या. भाकरी एकमेकींच्या खायच्या आणि दोन भाषांत एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. कडेनं गावांची नावं लाल दोऱ्यानं भरायची ठरलं, काही कानडी अक्षरांत, काही मराठी. चांगुणा खडूनं अक्षरं काढून द्यायची. कानडी तिनं शरणप्पाकडून गिरवून घेतली होती. चंद्रव्वानं आपल्या गावाच्या नावावरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "हे आमचं गाव? एवढंसंच?" सगळ्या खळखळून हसल्या.

वाकळ तयार झाली, ती चांगुणानं आप्पांच्या घरी पोचवली.

महोत्सवाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोन्हीकडच्या बायका सोलापुरात आल्या. चंद्रव्वानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. चांगुणानं सगळ्यांना पुढं बसवलं आणि ती चंद्रव्वाच्या शेजारी बसली. मुंबईहून मोठे पाहुणे आले होते. व्यासपीठाच्या मागं वाकळ गुंडाळून वर बांधली होती. पाहुण्यांनी दोरी ओढली आणि ती सळसळत खाली आली. मांडवभर टाळ्या झाल्या. बायकाही हरखून टाळ्या वाजवायला लागल्या.

वाकळेच्या माथ्यावर पांढऱ्या मांजरपाटाची रुंद पट्टी शिवलेली होती. ती चांगुणानं ह्याआधी पाहिली नव्हती. पट्टीवर ठसठशीत अक्षरं होती.

आप्पा माईकपाशी गेले. "पलीकडच्या ह्या माऊल्यांनी टाक्याटाक्यानं कौल दिलाय," ते म्हणाले. "आता तरी दिल्लीला दिसंल का न्हाई?" माईकमधून आवाज फुटत होता, त्यात घोषणा सुरू झाल्या. चंद्रव्वाला धड काही ऐकू येईना.

तिनं चांगुणाच्या कानाशी तोंड नेलं. "वर काय लिवलंय, बाई?"

चांगुणानं पट्टी पुन्हा एकदा वाचली.

"सांगा की. आमचीच कौदी हाय ती."

"आम्हाला महाराष्ट्रात घ्या, असं लिहिलंय."

"कुनी म्हनलं असं?"

"तुम्ही म्हणताय, असं लिहिलंय."

चंद्रव्वाचे टाळीचे हात तसेच राहिले. तिनं चांगुणाकडं पाहिलं, मग वळून शेजारणीला कानडीत दोन शब्द सांगितले. ते शब्द रांगेतून पुढं सरकत गेले तशा टाळ्या थांबत गेल्या. फोटोवाला बायकांसमोर आला, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर ओढले आणि त्या उठल्या. केसरबाईही त्यांच्याबरोबर उठली. चांगुणा पाठोपाठ गेली, पण एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

मग ती मांडवामागं आप्पांकडं गेली. आप्पा बशीतून चहा पीत होते.

"आप्पा, ती पट्टी कुणी शिवली?"

"मीच शिवून घेतली. का, टाका वाकडा पडला का?"

"तुम्ही एकोपा म्हणाला होतात."

"मग ह्यो काय हाय? मराठी माणूस एक होतोय, ह्यापरास दुसरा एकोपा कुठला?" आप्पांनी बशी खाली ठेवली. "ह्यासाठी मी जेल भोगली, पोरी. तू तवा पाळण्यात होतीस."

"त्या बायकांनी हे म्हटलेलंच नाही. मी त्यांना शब्द दिला होता. निदान मला तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर गेली असतीस व्हय?" आप्पा मायेनं हसले. "तुझ्या तोंडावर लबाडी दिसत न्हाई. म्हणून तर तुला धाडली."

ओसरीवर बसून आईशी बोलणारा माणूस हाच, आणि आवाजही तोच. ती तशीच मांडवात धावली. ती पट्टी निदान उसवून काढावी, एवढंच तिच्या मनात होतं. पण वाकळ उतरवली होती. पाहुण्यांच्या माणसांनी ती घडी करून गाडीत घातली होती. "विधानसभेत दाखवायची आहे," एकजण म्हणाला, आणि गाडी निघालीच.

पेपरात वाकळेचा फोटो आला, खाली चांगुणाचं नाव होतं. आपलं नाव काढून टाका आणि खरं काय ते छापा, असं चांगुणानं संपादकांना जाऊन सांगितलं. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि काहीही छापलं नाही.

पुढच्या रविवारी ती हिरेवाडगीला गेली. शरणप्पानं तिला बस म्हटलं नाही. पेपरातला फोटो पुढं ठेवून तालुक्याच्या कचेरीत सगळ्या घरांच्या कर्त्या माणसांना बोलावून दम दिला होता, हे त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. काही बायकांना घरात मार बसला होता. आणि त्या सगळ्या आता चंद्रव्वाला बोल लावत होत्या, कारण आवतण तिच्या कट्ट्यावर आलं होतं.

चंद्रव्वा बाहेर आली.

"मला ठाऊक नव्हतं, चंद्रव्वा. आईची आण."

"व्हय."

"मी परत पेपरवाल्यांकडं जाते. तुमच्या वतीनं सांगते, की..."

"नको," चंद्रव्वा म्हणाली. "एकडाव आमच्या नावानं बोलून झालं. तेवढं पुरं."

"तुमचा माझ्यावर विश्वास उरला नाही."

चंद्रव्वानं जरा विचार केला. "तुमी लबाड न्हाई, बाई. ते मला कळतंय. पर तुमच्या मागनं कोन येतंय, ते तुमालाबी ठावं नसतंय. तवा तुमी येऊ नका." तिनं पाण्याचा तांब्या आणून कट्ट्यावर ठेवला आणि आत निघून गेली.

चांगुणानं मंडळ सोडलं. आप्पांचे निरोप येत राहिले, पण ती गेली नाही. आईनं बोल लावला, की आज जी भाकरी खातेस ती त्या माणसामुळं. चांगुणाला ते खोडता आलं नाही. वाकळ मुंबईत कुणाच्या हाती राहिली, कुठं धूळ खात पडली, काही कळलं नाही.

आप्पांच्या मनात तिच्याबद्दल काहीच किल्मिष नव्हतं. कुणीही भेटलं की ते कौतुकानं सांगायचे, ती हिरेवाडगीची वाकळ आमच्या चांगुणानं आणली. आणि ते खरंच होतं.