पट्टीची दुसरी बाजू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पोलादबाबांनी एका लोखंडी पट्टीवर कानस ओढली. करकर आवाज झाला, ठळक चरा उमटला. पट्टी पुढच्या रांगेत फिरली, प्रत्येकाने चऱ्यावरून बोट फिरवलं. मग बाबांनी ती रुमालात गुंडाळली, वर तळहात ठेवला, डोळे मिटले. रुमाल उघडला तर चरा गायब. पुन्हा कानस ओढली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

"आता हात लावू नका, तेजाने पोळाल," बाबा म्हणाले. "जो हात लोखंडाला बळ देतो, तो तुमच्या हाडांना विसरेल का?"

दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या आत्याने भक्तिभावाने हात जोडले. तिची हाडं ठिसूळ झालेली. गेल्या वर्षी पायरीवर नुसता पाय घसरला आणि मनगट मोडलं. बाबांचा पहिला स्पर्श झाल्यापासून तिने गोळ्या बंद केल्या होत्या, कारण औषधाने म्हणे तेज उतरतं. माझं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आज मी तिच्या सुनेला, वहिनीला, सोबत आणलं होतं. वहिनी यंत्रांचे सुटे भाग कडक करून देणाऱ्या कारखान्यात काम करते.

"भाऊजी, पट्टीवरच्या त्या बारीक समांतर रेघा ओळखीच्या वाटतात," ती कुजबुजली आणि उभी राहिली. "बाबा, एक शंका आहे."

"शंका म्हणजे मनाला चढलेला गंज, माई."

"मग घासून काढू या. पट्टी जरा पालथी करता?"

"तेज वरच्या अंगालाच वसतं."

"म्हणजे आमच्या आईंची हाडंही एकाच अंगाने घट्ट होणार?"

लोक हसले. पुढच्या रांगेतला म्हातारा कुलूपवाला उठला आणि त्याने सरळ पट्टी उचलली. "थंडगार आहे की." त्याने ती पालथी केली. चरा तिथेच होता. बाबांनी रुमालाआड पट्टी फक्त उलटली होती.

बाबांना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दाराने गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनीने आत्याला कारखान्यात नेलं. तिने एक पट्टी पोलादी पेटीत ठेवून आतली हवा काढून घेतली. जाड काचेतून पाहिलं, तर एक प्रखर ठिपका पट्टीवर सरसर रेघा ओढत होता.

"हा इलेक्ट्रॉनांचा झोत," वहिनी म्हणाली. "वरचा पापुद्रा क्षणात तापतो आणि खालचं थंड लोखंड ती उष्णता लगेच ओढून घेतं. इतक्या झटपट निवला की पापुद्रा कडक होतो. झोत ज्या बाजूला, तीच बाजू कडक. आमच्या नापास पट्ट्या भंगारात जातात. बाबांनी तिथूनच उचलल्या असणार."

आत्याने दोन्ही बाजूंवर स्वतः कानस ओढून पाहिली. मग म्हणाली, "आणि हाडांना हा झोत चालतो का गं?"

"नाही, आई. हाडांना गोळ्याच."

"डॉक्टर रागावतील."

"रागावू देत. मी येते बरोबर."

डॉक्टर रागावले नाहीत. तीन महिने वाया गेले, एवढंच म्हणाले आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

माझी आत्या मूर्ख नाही. तिला पुन्हा पडायची भीती होती, आणि असले बाबा भीतीवरच पोसतात. तेव्हा चमत्कार दिसला तर नमस्कार करण्याआधी प्रश्न विचारा. प्रश्नाला उत्तर न देता जो प्रश्नालाच पाप म्हणतो, त्याच्या शब्दावर घरातलं औषध बंद करू नका.