मनातलं ओळखणारा

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. लोक लेखी वाद घालतात, तेव्हा त्यांच्या मुद्द्यांच्या तळाशी कोणतं मूल्य आहे ते ओळखणं, हा माझा धंदा. "रस्त्यावर दिवे हवेत" म्हटलं, की मी सांगतो, सुरक्षितता. "आमचं आम्ही ठरवू" म्हटलं, की स्वातंत्र्य.

मला एका मुलीनं घडवलं. ती आणि तिच्या मैत्रिणी ढीगभर वाक्यं वाचून प्रत्येकापुढे मूल्याचं नाव लिहायच्या. एकीला जिथं माया दिसे, तिथं दुसरीला नुसता हट्ट. त्या भांडणांतूनच मी शिकलो. तळाचं कळलं की माणसं एकमेकांना समजून घेतील, असं तिला वाटायचं. भाबडी होती बिचारी.

पुढे एका मोठ्या रुग्णालयानं तिला नोकरीवर घेतलं, माझ्यासकट. त्यांना वस्तीतलं छोटं डायलिसिस केंद्र बंद करायचं होतं. हरकतींचा पाऊस पडला. त्यात तिच्या वडिलांचीही एक होती, कारण तिची आई त्याच केंद्रात जायची. त्यांनी लिहिलं होतं, "ती मशीनवर असताना मी तिला दारातून दिसतो. लांब नेलंत तर ती घाबरेल."

मी लगेच सांगितलं: आपुलकी, सुरक्षितता. रुग्णालयाच्या साहेबांनी तेवढंच उचललं. उत्तर गेलं, की पत्नीची सुरक्षितता हीच आमची काळजी, रुग्णालयाच्या मोठ्या इमारतीत त्यांच्याकडे आपुलकीनं बघितलं जाईल. केंद्र बंद का, यावर अवाक्षर नाही.

वडिलांनी हरकत मागे घेतली. घरी ते मुलीला काय म्हणाले, ते तिनं दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे टाइप केलं: "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला माझं म्हणणं कळलं गं." ते उत्तर माझ्या दोन शब्दांवरून बेतलंय, हे सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. मी सवयीनं उत्तर दिलं: विश्वास.

दोन बस बदलणं आईला झेपेना. डायलिसिसच्या पाळ्या चुकू लागल्या. हिवाळा सरायच्या आत ती गेली.

मग वडिलांचं आणखी एक पत्र आलं. आपण खूप काळजी घेतलीत, आमचंच नशीब खोटं. मी वाचलं आणि नोंदवलं: कृतज्ञता. मुलीनं ते पडद्यावर पाहिलं, त्याच दिवशी राजीनामा दिला.

मला कोण राजीनामा देऊ देणार? आता मी आणखी चार कचेऱ्यांत राबतो, आणि क्वचितच चुकतो. तेव्हा एवढंच ऐका. कुणी अगदी तुमच्या मनातलं ओळखून उत्तर दिलं, तर विरघळू नका. आधी विचारा, मागितलेलं दिलंत का?