हलकी गोळी, जड गोळी

शिरीषला जगातलं सगळं माहीत असतं. मस्कतमधल्या मवालेहच्या बाजारातला आंब्याचा भाव असो की विमानाचं इंजिन, विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याचं उत्तर हजर. इंजिनिअरिंगला पहिला आलेला माणूस. 'माहीत नाही' म्हणणं त्याला नापास झाल्यासारखं वाटतं.

त्याचा अमेरिकन साहेब ग्रेग एका शुक्रवारी घरी जेवायला आला. सुट्टीत अमेरिकेला जाऊन सासऱ्यांबरोबर पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला जाणार होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीतलंच, पण घोड्याएवढं धूड. सासरे म्हणत होते, जड गोळी घे, हाड फोडून आत जाणारी. ग्रेगचं ठरत नव्हतं.

झालं! अंड्यालाही न शिवणाऱ्या आमच्या शिरीषने पेपर नॅपकिनवर सूत्र मांडलं. ऊर्जा वाढते वेगाच्या वर्गाने. हलकी गोळी जास्त वेगाने जाते, म्हणजे मारा जास्त. "हलकीच घ्या सर. लागताच फुलणारी. जागच्या जागी खलास!"

"तुम्ही शिकार करता?" ग्रेगने कौतुकाने विचारलं.

"आमच्या गावी रानडुकरं फार," शिरीष म्हणाला. रानडुकरं होती, हे खरंच होतं. बायको कल्पना त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने मसालेभात वाढला.

सुट्टी संपवून ग्रेग पुन्हा जेवायला आला, तेव्हा लेकीने, अंतराने, उत्साहाने विचारलं, "अंकल, मिळालं एल्क?"

"गोळी खांद्याला लागली," ग्रेग म्हणाला. "पण हाडावरच फुटली, तुकडे झाले. आत गेलीच नाही. जनावर तीन पायांवर पळालं. आम्ही रक्ताचा माग काढत हिंडलो, सापडलं नाही. कुठेतरी तडफडून मेलं असणार."

शिरीषने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"चूक माझीच," ग्रेग पुढे म्हणाला. "नेम चुकला असेल. तुमचा हिशेब बरोबर होता. आता सांगा, पुढच्या वर्षी कोणती नेऊ?"

आणि शिरीषच्या डोक्यात उत्तर तयार होतं! जड गोळी, जाड आवरणाची, न विखुरणारी, अगदी आकड्यांसकट. जिभेवर आलंसुद्धा. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

"सर, मला माहीत नाही," तो म्हणाला. "तेव्हाही माहीत नव्हतं. मी कधी बंदूक हातात धरलेली नाही."

ग्रेगने चमचा खाली ठेवला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"सासरे शेवटपर्यंत सांगत होते, जड घे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस. मी त्यांना म्हटलं, मस्कतला माझा एक मित्र आहे, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

शिरीषने अंतराकडे पाहिलं. ती मान खाली घालून भात चिवडत होती.