हसरा फोटो

दाताची डॉक्टर माझ्या मुलाचं तोंड कसं जोडणार, असं कुसुमताईंनी विचारलं तेव्हा डॉ. सुप्रियाला नवल वाटलं नाही. कोठी भागातल्या हॉस्पिटलात बारा वर्षं ती हेच ऐकत आली होती. लोकांच्या लेखी ती दात उपटणारी बाई. फुटलेला जबडा, चेपलेली गालफडं, मोडलेलं नाक पुन्हा जागेवर बसवणं हे तिचं काम, पण स्वतःवर वेळ येईपर्यंत ते कुणाला ठाऊक असतं? तिनं न चिडता सगळं समजावून सांगितलं.

कुसुमताईंचा सव्वीस वर्षांचा मुलगा हेमंत नामपल्लीजवळ मोटारसायकलवरून पडला होता. जीव वाचला, पण चेहऱ्याच्या हाडांचा चुरा झाला. डोळे सुजून मिटलेले, बोलणं बंद. एक बाजू शाबूत असली की तिच्यावरून दुसरी बसवता येते. इथे दोन्ही गेल्या होत्या. अशा वेळी सुप्रिया घरच्यांकडे जुना हसरा फोटो मागायची, दात दिसतील असा.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई चिक्कडपल्लीच्या घरून फोटो घेऊन आल्या. रुंद गालफडं, बाकदार नाक. सुप्रियाला तेव्हाच एक गोष्ट खटकली. फोटोत वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता आणि हेमंतचे दात तर सरळ रांगेत होते. तिनं विचारलं.

"हौ, नंतर तारा लावून घेतल्या की," कुसुमताई म्हणाल्या.

सुप्रियानं ते मानलं. माणूस चुकेल पण दात चुकीचं सांगत नाहीत, असं ती शिकाऊ डॉक्टरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ऑपरेशन सात तास चाललं. जबडा तिनं वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्यावरून बसवला, नाक आणि गालफडं फोटोवरून. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले. पुढचे पाच आठवडे कुसुमताई त्याला नळीनं वरणाचं पाणी पाजत होत्या. सूज उतरत गेली तशा त्या खुलत गेल्या. कुसुममावशी पेशंटला हेमंत म्हणून हाकच मारत नाहीत, त्याच्या गालावरून हात फिरवून नुसतं "आलास ना रे" म्हणतात, असं नर्स रंजनानं सांगितलं. सुप्रियाला ते विचित्र वाटलं, पण का ते तिला उमगलं नाही.

तारा काढल्या त्या सकाळी तिनं हेमंतच्या हातात आरसा दिला. त्यानं आत पाहिलं आणि चटकन मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"हा अनंतदादा आहे," तो जड जिभेनं म्हणाला.

"मी त्याचाच फोटो दिला होता," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "आठ वर्षं झाली त्याला जाऊन. चेहरा करून देता म्हणाला होतात ना तुम्ही?"

आयुष्यात एवढी लाज सुप्रियाला कधी वाटली नव्हती. कुसुमताईंना बाहेर बसवून तिनं हेमंतची माफी मागितली. हाडं पुन्हा मोकळी करून बसवता येतील, धोका आहे, पण उशीर केला तर ती पक्की जुळतील. हेमंतनं क्षणाचाही विचार केला नाही. त्याला स्वतःचा चेहरा परत हवा होता. उद्या आपला फोटो घेऊन येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला; आई जेवणाचा डबा घेऊन बाहेर बाकावर बसली. पिशवीतून त्यानं एक चौकट काढून टेबलावर ठेवली. अरुंद चेहऱ्याचा, सरळ नाकाचा मुलगा हसत होता. त्याच्या कपाळावर काचेवरून कुंकवाचं बोट होतं आणि चौकटीला शेवंतीचा ताजा हार.

"देवघराशेजारी दादाचा फोटो असायचा," हेमंत म्हणाला. "रात्री आईनं तो काढला, हा माझा लावला. सकाळी हार घालताना रडत होती. मी तिथंच उभा होतो. मला म्हणाली, धाकट्याला नमस्कार कर."

"केलास?"

हेमंतनं चौकटीवरचा हार नीट केला. सुप्रियानं घाईघाईनं संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. परवा सकाळीच ऑपरेशन करू, फक्त इथं तुझं नाव लिही, असं ती म्हणाली. त्यानं पेन उचललं.

तेवढ्यात दाराबाहेरून कुसुमताईंची हाक आली, "अनंता, चल बाळा, जेवण निवतंय."

सुप्रिया त्याच्या हाताकडे पाहत राहिली. पेन कागदाला टेकलं होतं, पण हलत नव्हतं.

"आलो, आई," तो म्हणाला, आणि पेन ठेवून उठला.